प्रकल्प नोंदी: तंतुमय बुरशी डीएनएची इजा कशी ओळखते आणि कशी दुरुस्त करते

८ जानेवारी २०२४

मुख्य काम न्युरोस्पोरा क्रासा या तंतुमय बुरशीवर आहे, शेवटचा थोडा भाग ॲस्परजिलस निड्युलन्सवर. प्रश्न तीन. यूव्ही किरणांनी झालेली इजा काढायचे किती रस्ते एका वेळी चालू असतात? इजा झाली ही खबर पेशीत कोण पोचवतं? आणि प्लेटवर जे दिसतं त्यातलं खरंच दुरुस्तीमुळे किती, इतर कारणांनी किती? तिसरा प्रश्न आधी सोडवल्याशिवाय पहिल्या दोन्हींची उत्तरं भरवशाची नाहीत. म्हणून निम्मा वेळ त्यालाच ठेवला आहे.

स्ट्रेन पुढीलप्रमाणे. मूळ स्ट्रेन २४८९ आणि त्याचा विरुद्ध मेटिंग टाइपचा जोडीदार ४२००, दोन्ही फंगल जेनेटिक्स स्टॉक सेंटरच्या क्रमांकांनी. उत्परिवर्ती, म्हणजे एकेक जनुक बिघडलेले (कंसात त्या जनुकाचं काम किंवा इतर जीवांतलं नाव): मस-१८ (यूव्ही इजेशेजारी काप देणारं एंडोन्युक्लिएज), मस-३८ (माणसातल्या एक्सपीएफचा भाऊबंद, न्युक्लिओटाइड एक्सिजन, म्हणजे इजा झालेला तुकडा कापून काढण्याच्या रस्त्यावरचा), या दोघांचा डबल, पीएचआर (फोटोलायेज, उजेडाच्या जोरावर यूव्ही इजा मोडणारं एन्झाइम), मेई-३ (रॅड५१) आणि मस-११ (रॅड५२), दोन्ही तुटलेला डीएनए सारख्या प्रतीवरून सांधणारे, मस-९ (एटीआर), मस-२१ (एटीएम) आणि पीआरडी-४ (चेकपॉइंट कायनेज २), तिन्ही इजेची खबर पोचवणारी कायनेज, म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट लावणारी एन्झाइम, आणि मस-५१ (केयू७०, तुटलेली टोकं थेट जोडणारं). यातलं मस-१८चं डिलीशन (जनुक पूर्ण काढलेला स्ट्रेन) इथेच बनवलेलं आहे, मस-५१ नसलेल्या स्ट्रेनमध्ये. बाकीचे जुन्या संग्रहातले.

संग्रहाचा नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवतो: प्रत्येक प्रयोग सिलिका जेलवरच्या मूळ साठ्यापासून सुरू करायचा. नळीतून नळीत चौथ्यांदा नेलेला दुरुस्ती-उत्परिवर्ती हा तोच स्ट्रेन राहिलेला नसतो. दुरुस्ती कमजोर असल्यामुळे त्यात नवी उत्परिवर्तनं साचतात, आणि त्यातली जी वाढ सुधारतात ती निवडली जातात. दोन महिन्यांनी 'संवेदनशीलता कमी झाली' असं दिसतं, ते बहुधा यामुळेच.

१० जानेवारी

माध्यमं केली. व्होगेलचं (न्युरोस्पोरा वाढवायच्या क्षार-माध्यमाचं) ५० पट द्रावण, १ लिटरसाठी: पाणी साधारण ७५० मिली, त्यात क्रमाने सोडियम सायट्रेट डायहायड्रेट १२५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २५० ग्रॅम, अमोनियम नायट्रेट १०० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) १० ग्रॅम. एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरं टाकायचं नाही. कॅल्शियम क्लोराइड ५ ग्रॅम वेगळ्या २० मिली पाण्यात विरघळवून, ढवळत, थेंब थेंब. एकदम ओतलं की पांढरा गाळ बसतो आणि तो परत विरघळत नाही. मग सूक्ष्म मूलद्रव्यांचं द्रावण ५ मिली, बायोटिन (०.१ मिग्रॅ/मिली) २.५ मिली. वर २ मिली क्लोरोफॉर्म टाकून खोलीच्या तापमानाला बाटली ठेवली. ऑटोक्लेव्ह नंतर, पातळ केल्यावर.

वसाहती मोजायच्या प्लेटसाठी सॉर्बोज लागतं. न्युरोस्पोरा मोकळी सोडली तर एका दिवसात पूर्ण प्लेट व्यापते, मग मोजायला काही उरत नाही. सॉर्बोजमुळे भित्तिकेतलं ग्लुकन नीट बनत नाही, तंतू आखूड आणि दाट फांद्यांचा होतो, आणि वसाहत टिकलीएवढी राहते. १० पट द्रावण: सॉर्बोज २०० ग्रॅम, फ्रुक्टोज ५, ग्लुकोज ५, पाणी १ लिटरपर्यंत. हे अगरपासून वेगळं ऑटोक्लेव्ह करून गरम असतानाच मिसळायचं. एकत्र आणि लांबवून शिजवलं की माध्यम तपकिरी होतं आणि वसाहती पसरट येतात.

१६ जानेवारी

कोनिडियांची (अलैंगिक बीजाणूंची) कापणी. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली अगर माध्यम, ३० अंश से.ला तीन दिवस अंधारात, मग २५ अंशाला पाच दिवस उजेडात. सगळ्या स्ट्रेनना उजेड सारखाच मिळायला हवा. फोटोलायेजचा जनुक उजेडानेच चालू होतो, त्यामुळे फळीवर मागे राहिलेला फ्लास्क आणि पुढचा फ्लास्क यांतले बीजाणू दुरुस्तीच्या सामग्रीत समान नसतात.

फ्लास्कमध्ये ३० मिली निर्जंतुक पाणी, जोरात हलवणं, काचेच्या लोकरीतून गाळणं, दोनदा सेंट्रिफ्यूज करून धुणं. कोनिडियांवर पाणी झटकणारं प्रथिनाचं अस्तर असतं, त्यामुळे ते पृष्ठभागावर तरंगतात आणि गुठळ्या करतात. ०.०१ टक्के ट्वीन-८० टाकलं. गाळून झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहणं सक्तीचं: साखळीत अडकलेले दोन-तीन बीजाणू एकच वसाहत देतात आणि जगण्याचा आकडा फुगवतात. मोजणी हीमोसायटोमीटरवर, साठा मिलीला १ कोटी, बर्फावर, त्याच दिवशी वापरायचा.

१८ जानेवारी

यूव्ही दिव्याचं मोजमाप. २५४ नॅनोमीटरचा मीटर प्लेटच्या उंचीवर ठेवून वाचन घेतलं. दिवा लावल्या लावल्या वाचन कमी, मग चढत जातं, साधारण २० मिनिटांनी स्थिरावतं. रॅकची उंची बदलून तीव्रता प्रति चौरस मीटर १ वॅटवर आणली. याचा फायदा व्यवहारातला आहे: सेकंद तेवढे जूल. १५० जूल हवे तर १५० सेकंद, गुणाकार नाही, चूक नाही.

मध्यभागापासून कडेकडे वाचन घटतं. मधल्या चौकोनावर टेपने खूण केली, प्लेट तिथेच ठेवायच्या. प्लास्टिकचं झाकण २५४ नॅनोमीटरला जवळपास पूर्ण अडवतं, तेव्हा झाकण काढलं की नाही हे दुसऱ्या माणसाने मोठ्याने विचारायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 'हा स्ट्रेन प्रतिकारक निघाला' याचं सगळ्यात सामान्य कारण हेच.

१९ जानेवारी

पहिली ठिपके-चाचणी. साठा दहा-दहा पटीने पातळ करून पाच पायऱ्या (मिलीला १ कोटीपासून हजारपर्यंत), प्रत्येकी ५ मायक्रोलिटरचा ठिपका, ठिपके सुकल्यावर यूव्ही ०, १००, २००, ३०० जूल, मग ३० अंशाला अडीच दिवस.

निकाल फेकून दिला. मस-३८ मूळ स्ट्रेनइतकाच टिकलेला, डबलसुद्धा २०० जूलला तिसऱ्या पायरीपर्यंत वाढलेला. कारण शोधायला वेळ लागला नाही: यूव्हीनंतर प्लेट ट्यूबलाइटखाली टेबलावर वीसेक मिनिटं होत्या आणि इनक्युबेटरच्या दाराला काच आहे.

यूव्हीमुळे शेजारच्या दोन पिरिमिडीनची जी जोडगोळी बनते, ती फोटोलायेज एका झटक्यात मोडतं. एन्झाइम जोडगोळीला अंधारातही चिकटून बसतं, पण मोडायला निळा किंवा जांभळ्याजवळचा प्रकाश लागतो. तो एन्झाइममधल्या फ्लेव्हिनला इलेक्ट्रॉन देण्याजोगं करतो, जोडगोळीचे बंध सुटतात, साखळी कुठेही कापावी लागत नाही. काप नाही, नवं संश्लेषण नाही, चूक नाही. बुरशीकडे असलेली ही सगळ्यात स्वच्छ दुरुस्ती म्हणावी लागेल. आल्बर्ट केल्नर यांनी १९४९ मध्ये स्ट्रेप्टोमायसिसच्या बीजाणूंवर हेच पाहिलं होतं: यूव्हीने मारलेले बीजाणू दृश्य प्रकाशात परत उठतात. पंचाहत्तर वर्षं माहीत असलेली गोष्ट, तरी प्रत्येक नव्या खोलीत ती पुन्हा प्रयोग बिघडवते.

२३ जानेवारी

तोच प्रयोग लाल दिव्यात. लाल निवडण्याचं कारण: फोटोलायेजला तो उपयोगाचा नाही आणि न्युरोस्पोराचा निळा प्रकाश ओळखणारा व्हाइट कॉलर संचही त्याने जागा होत नाही. प्लेट लगेच ॲल्युमिनियम फॉइलमध्ये, दोन थर. प्रत्येक मात्रेची एक जादा प्लेट मुद्दाम उजेडात ठेवली, आणि सगळीकडे पीएचआर उत्परिवर्ती बाजूला लावला. तो आमचा पहारेकरी: उजेड आणि अंधार या दोन्ही प्लेटवर तो सारखाच दिसला तरच अंधारातल्या प्लेटची तुलना धरायची.

आता चित्र जुळलं. अंधारात २०० जूलला मूळ स्ट्रेन शेवटच्या पायरीपर्यंत. मस-१८ आणि मस-३८ प्रत्येकी एक-दोन पायऱ्या मागे. डबल १०० जूललाच पहिल्या ठिपक्यात तुरळक वसाहती, २००ला काहीच नाही. उजेडातल्या प्लेटवर डबलही सावरतो, पण मूळ स्ट्रेनच्या बरोबरीला येत नाही. फोटोलायेज पिरिमिडीनच्या चौकोनी जोडगोळ्या सोडवतं, सहा-चार प्रकारच्या जोडण्या तशाच राहतात.

दोन एकेरी उत्परिवर्ती जरा कमजोर आणि डबल कोसळलेला, याचा अर्थ दोन स्वतंत्र रस्ते. एक्सिजनच्या रस्त्यात इजेच्या दोन्ही बाजूंना काप पडतो, तीसेक न्युक्लिओटाइडचा तुकडा निघतो, रिकामी जागा भरली जाते. मस-१८चं एंडोन्युक्लिएज मात्र इजेच्या लगेच अलीकडे, पाच-प्राइम बाजूला, एकच काप देतं. तिथून पुढची दुरुस्ती इतर एन्झाइम करतात. ते दोन्ही प्रकारच्या यूव्ही इजा ओळखतं. असं एन्झाइम शिझोसॅकॅरोमायसिस यीस्टमध्येही आहे, बेकरच्या यीस्टमध्ये आणि सस्तन प्राण्यांत नाही. यीस्टच्या पुस्तकावरून न्युरोस्पोराचा अंदाज बांधला की इथे फसायला होतं: एक्सिजनचा जनुक तोडूनही बुरशी बऱ्यापैकी जगते, आणि वाटतं की जनुक चुकीचा निवडला.

२९ जानेवारी

केंद्रकांचा हिशेब. न्युरोस्पोराच्या मोठ्या कोनिडियात एकच केंद्रक नसतं. बहुतेकांत दोन-तीन, काहींत त्याहून जास्त. एका केंद्रकाची जगण्याची शक्यता ज असेल आणि बीजाणूत न केंद्रकं असतील, तर एकही जगलं की वसाहत येते: १ वजा (१−ज)चा न वा घात. ज = ०.१ आणि न = ३ घेतलं तर ०.२७. म्हणजे केंद्रकांपैकी १० टक्के जिवंत, प्लेटवर मात्र २७ टक्के. ज = ०.०१ ला प्लेटवर साधारण ३ टक्के.

याचे दोन परिणाम. जगण्याच्या आलेखाला सुरुवातीला जो सपाट खांदा दिसतो, तो सगळा दुरुस्तीच्या क्षमतेचा मानायचा नाही. त्यातला काही भाग नुसता जादा केंद्रकांचा. आणि दोन स्ट्रेनमध्ये सरासरी केंद्रकसंख्या वेगळी असेल तर दुरुस्ती सारखी असूनही आलेख वेगळे येतात. म्हणून प्रत्येक कापणीतले किमान १०० बीजाणू हेक्स्टने रंगवून केंद्रकं मोजायची, आणि तुलना खांद्यावरून न करता पुढच्या सरळ उतारावरून करायची. मस-११च्या या कापणीत केंद्रकवाटप मूळ स्ट्रेनपेक्षा वेगळं निघालं. ती कापणी बाद, परत वाढवायला लावली.

एक केंद्रक हवंच असेल तर सूक्ष्मकोनिडिया. दहा पट पातळ केलेलं क्रॉसिंग माध्यम, ०.५ टक्के सुक्रोज, १ मिलिमोलर सोडियम आयोडोॲसिटेट, आठवडा-दीड आठवडा, मग ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून. मोठे कोनिडिया वर अडकतात, सूक्ष्म खाली येतात. त्यांची उगवण कमी आणि आयुष्य थोडं, त्यामुळे शून्य मात्रेच्या प्लेटवर जादा बीजाणू पसरावे लागतात. उत्परिवर्तनांची वारंवारता मोजायची असेल तर हा त्रास घ्यावाच लागतो. सुप्त उत्परिवर्तन एका केंद्रकात झालं आणि शेजारच्या दोघांत नाही, तर ते झाकलं जातं आणि आकडा खोटा कमी येतो.

५ फेब्रुवारी

रसायनांच्या प्लेट. प्रत्येकाची इजा वेगळी, म्हणून एकाच प्लेटवरून निष्कर्ष नाही.

एमएमएस (मिथाइल मिथेनसल्फोनेट) डीएनएच्या बेसना मिथाइल चिकटवतं, त्या बेसपाशी प्रतिकृतीची गाडी अडते. मात्रा ०.००५, ०.०१, ०.०२ टक्के. पाण्यात ते हळूहळू फुटतं, तेव्हा अगर ५० अंशापर्यंत उतरल्यावर मिसळायचं, लगेच ओतायचं आणि त्याच दिवशी ठिपके लावायचे. कालच्या प्लेटवर आजचा स्ट्रेन प्रतिकारक दिसला तर दोष प्लेटचा. टिप्स, उरलेलं माध्यम सगळं १० टक्के सोडियम थायोसल्फेटमध्ये रात्रभर बुडवायचं. दुहेरी हातमोजे, काम हूडमध्येच.

हायड्रॉक्सियुरिया न्युक्लिओटाइडचा पुरवठा तोडतं, साखळीला थेट धक्का लावत नाही. त्यामुळे ते इजा दुरुस्त करणाऱ्यांपेक्षा अडलेली प्रतिकृती सांभाळणाऱ्यांची परीक्षा घेतं. ताजं विरघळवायचं, उकळत्या अगरात नाही.

कॅम्पटोथेसिन टोपोआयसोमरेज-१ला (डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला) डीएनएवर अडकवतं. डीएमएसओ या द्रावकात विरघळतं, म्हणून नुसत्या डीएमएसओची प्लेट हवीच.

ब्लिओमायसिन दोन्ही साखळ्या तोडतं. या कुटुंबातल्या औषधांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी: फ्लिओमायसिन आम्लधर्मी आणि क्षार जास्त असलेल्या माध्यमात दुबळं पडतं. व्होगेलच्या माध्यमाचा पीएच ५.८च्या आसपास असतो. दुसऱ्या माध्यमावरची मात्रा इथे उचलून आणता येत नाही, आपली शिडी आपणच लावायची. आम्ही मिलीला ०.२५ मायक्रोग्रॅमपासून दुपटीने चढलो.

८ फेब्रुवारी

वाचन. मेई-३ आणि मस-११ एमएमएसवर पहिल्याच मात्रेला गळाले: समजात पुनर्संयोजन (सारख्या प्रतीवरून तूट भरणं) नसलं की मोडलेली साखळी सांधायला विश्वासू हात उरत नाही. मस-९ हायड्रॉक्सियुरियावर स्पष्ट मागे. मस-२१चा ठिपका मात्र जवळजवळ मूळ स्ट्रेनसारखा.

हे इजा ओळखण्याच्या रचनेशी जुळतं. साखळी उघडी पडली आणि एकेरी डीएनए लांबला की त्यावर आरपीए प्रथिनाचं आवरण बसतं. एटीआर (इथे मस-९) आपल्या जोडीदारासह (इथे यूव्हीएस-३) त्या आवरणाला येऊन मिळतं. दुहेरी तुटलेलं टोक मात्र आधी एमआरई११ आणि रॅड५० असलेला संच पकडतो (इथे मस-२३ आणि यूव्हीएस-६), तो एटीएमला बोलावतो. हायड्रॉक्सियुरिया आणि एमएमएस मुख्यत्वे पहिल्या दारावर टकटक करतात, म्हणून मस-९ नसणं महाग पडतं. दुहेरी तुटीतही टोकं कुरतडली गेली की एकेरी डीएनए तयार होतो आणि काम एटीआरकडे सरकतं. एटीएम नसतानाही ठिपका बरा दिसण्याचं कारण तेच असावं.

एक खटकणारा ठिपका: आमचा मस-१८ ब्लिओमायसिनवर दोन पायऱ्या मागे. हे एन्झाइम यूव्हीच्या इजेसाठीचं, ब्लिओमायसिनशी त्याचा संबंध असू नये. असं काही 'नवं' दिसलं की आनंद मानायच्या आधी स्ट्रेनची वंशावळ काढावी.

१४ फेब्रुवारी

वंशावळीतच उत्तर सापडलं. डिलीशन मस-५१ नसलेल्या पार्श्वभूमीवर केलेलं आहे आणि ती पार्श्वभूमी अजून काढलेली नाही.

तंतुमय बुरशीत बाहेरून दिलेला डीएनए बहुतेक वेळा चुकीच्या जागी घुसतो, कारण केयू७०, केयू८० आणि लायगेज-४ तुटलेली टोकं मिळेल त्याला जोडून टाकतात. २००४ मध्ये निनोमिया, इनोए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की न्युरोस्पोरात मस-५१ किंवा मस-५२ (केयू८०) काढलं की जवळजवळ प्रत्येक तुकडा नेमक्या समजात जागी बसतो. मूळ स्ट्रेनमध्ये हे प्रमाण १० ते ३० टक्के असतं. तेव्हापासून तंतुमय बुरशीतलं जनुक काढायचं काम बहुतेक अशाच, टोकं जोडणारी यंत्रणा बंद केलेल्या स्ट्रेनमध्ये होतं. इतर विषयांत त्याने फारसं बिघडत नाही. दुरुस्तीच्या कामात मात्र आपलं हत्यारच एक दुरुस्ती-उत्परिवर्ती असतं! ब्लिओमायसिनची संवेदनशीलता केयू नसल्याची होती, मस-१८ला ती उगाच चिकटली.

आज क्रॉस (लैंगिक संकर) लावला. क्रॉसिंग माध्यमावर २४८९ मादी म्हणून आधी सहा दिवस २५ अंशाला वाढवलेला होताच, त्यावर मस-१८ डिलीशनचे कोनिडिया टाकले. मादी मूळ स्ट्रेनचीच हवी. पुनर्संयोजनाचे बरेच उत्परिवर्ती मादी म्हणून कमजोर असतात, आणि दोन्ही पालक तेच असतील तर फळं बनूनही आत बीजाणू धरत नाहीत. तापमान २५च्या वर जाऊ द्यायचं नाही.

जाता जाता एक सावधगिरी: जनुक परत घालून तपासणी करायची असेल तर ती क्रॉसनंतर, आधी नाही. क्रॉसमध्ये न्युरोस्पोरा जीनोममधली दुबार प्रत ओळखून दोन्ही प्रतींत सी-जागी टी अशी उत्परिवर्तनं भरते. सुमारे ४०० बेसजोड्यांहून लांब दुबार तुकडा असला की हा धोका. वाचवायला घातलेली प्रत आणि मूळ जागेवरची चांगली प्रत एकाच केंद्रकात असल्या, तर दोन्ही एका क्रॉसमध्ये खलास होतात.

४ मार्च

झाकणावर काळे ॲस्कोबीजाणू (क्रॉसमधून आलेले बीजाणू) आलेत. पाण्यात गोळा केले. आणखी आठवडाभर मुरू द्यायचे, ताजे नीट उगवत नाहीत.

७ मार्च

इजा थेट मोजायला घेतली. ठिपक्यावरून 'जगला' कळतं, 'दुरुस्त झालं' कळत नाही. जोडगोळ्यांवर बसणाऱ्या प्रतिपिंडाचा डॉट ब्लॉट.

कोनिडिया मिलीला १० लाख, द्रव व्होगेलमध्ये ३० अंशाला चार तास, उगवनळ्या येईपर्यंत. मग गाळून थंड पाण्यात, ९ सेंमीच्या प्लेटमध्ये १० मिलीच, म्हणजे खोली दीड मिलीमीटरच्या आसपास. माध्यमात ठेवून यूव्ही देऊ नये, माध्यमातले घटक किरण शोषतात. दाट द्रावण असलं तर पेशी एकमेकींच्या सावलीत येतात. सतत हलवत १०० जूल. परत ऊबदार माध्यमात, अंधारात, आणि ०, ३०, ६०, १२०, २४० मिनिटांना नमुने थेट द्रव नायट्रोजनमध्ये.

डीएनए काढताना आरएनए खूप येतो. आरएनएज दिल्यावरही २६० नॅनोमीटरचं वाचन फसवतं, म्हणून दुपदरी डीएनएला चिकटणाऱ्या फ्लुओरोसंट रंगाने मोजलं. प्रत्येक ठिपक्यात २०० नॅनोग्रॅम, ९५ अंशाला दहा मिनिटं, ताबडतोब बर्फावर. साखळ्या सुट्या झाल्या नाहीत तर प्रतिपिंडाला इजा दिसत नाही. ब्लॉटनंतर तोच पडदा मिथिलीन ब्ल्यूने रंगवून प्रत्येक ठिपक्यात डीएनए सारखा आहे हे पाहिलं.

१२ मार्च

ब्लॉट: मूळ स्ट्रेनमध्ये संकेत तासाभरात ठळक उतरतो. मस-३८मध्येही उतरतो, कारण एंडोन्युक्लिएज कामावर आहे. डबलमध्ये २४० मिनिटांनाही जवळपास तसाच. ठिपक्यांच्या चाचणीचं उत्तर इथे थेट दिसलं, आणि जगण्यातला फरक खरोखर इजा काढण्यातला आहे हे आता म्हणता येतं. मात्र चार तासांपुढचे नमुने मूळ स्ट्रेनमध्ये वापरू नयेत: वाढ चालू राहते, नवा डीएनए जुन्याला पातळ करतो आणि ती घट दुरुस्तीच्या खात्यात जमा होते.

ॲस्कोबीजाणू ६० अंशाला ४५ मिनिटं तापवून हायग्रोमायसिन (मिलीला २०० मायक्रोग्रॅम) प्लेटवर. त्या उष्णतेने बीजाणू जागे होतात आणि सोबत आलेले कोनिडिया मरतात. बास्टा, म्हणजे फॉस्फिनोथ्रिसिनची, चाचणी त्यापुढे: मस-५१च्या जागी बार (या औषधाला प्रतिकार देणारा) जनुक आहे, तेव्हा आपल्याला हायग्रोमायसिनवर वाढणारा पण फॉस्फिनोथ्रिसिनवर न वाढणारा वंशज हवा. यासाठी माध्यमात अमोनियम नायट्रेट ठेवायचं नाही, त्याऐवजी ०.५ टक्के प्रोलीन. अमोनियम असलं तर औषधाचा प्रभाव झाकला जातो आणि सगळेच प्रतिकारक भासतात. निवडलेल्यांचं पीसीआर, डिलीशनच्या दोन्ही कडांबाहेरच्या प्रायमरने.

१९ मार्च

स्वच्छ मस-१८ची ब्लिओमायसिन प्लेट: मूळ स्ट्रेनच्या ओळीला ओळ. केयू नसलेला त्याच क्रॉसमधला भाऊ त्याच प्लेटवर मागे. यूव्हीची संवेदनशीलता कायम. ८ फेब्रुवारीच्या नोंदीतला तो ठिपका रद्द समजावा.

याच दिवशी पीआरडी-४. माणसातल्या चेकपॉइंट कायनेज २चा हा नातेवाईक न्युरोस्पोरात आधी जैविक घड्याळाच्या उत्परिवर्त्यातून हाती आला. २००६ मध्ये त्याची ओळख पटली तेव्हा कळलं की डीएनएची इजा त्याच्यामार्फत घड्याळाच्या एफआरक्यू प्रथिनाला फॉस्फेट लावते आणि घड्याळ पुढे सरकवते. म्हणून नमुने घेण्याची वेळ सगळ्यांची एकच ठेवली, कल्चर आधी दिवसभर उजेडात. चाचणी सोपी: एमएमएस दिल्यावर जेलवर पीआरडी-४चा पट्टा वर सरकतो, फॉस्फेटेज दिलं की खाली परततो. अर्कात फॉस्फेटेज रोखणारी द्रव्यं विसरली तर सरकणंच दिसत नाही.

इथे एक मोठी फसगत होऊ शकते. 'नवं प्रथिन बनू न देता बघू' म्हणून सायक्लोहेक्झिमाइड घातलं, तर पीआरडी-४ इजेशिवायच चालू होतं. भाषांतर अडल्याची खबरही याच कायनेजकडे येते. म्हणून सरकलेला पट्टा म्हणजे डीएनएची इजा असं समीकरण मांडायचं नाही. एकट्या सायक्लोहेक्झिमाइडचा नमुना शेजारी चालवल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये.

२६ मार्च

ॲस्परजिलस निड्युलन्स. त्याच्या कोनिडियात एकच केंद्रक, म्हणून २९ जानेवारीचा हिशेब इथे लागत नाही. आणि तंतूत इजेची खबर कशी वापरली जाते ते इथे डोळ्यांनी दिसतं. यीस्टमध्ये इजा झाली की पेशीचक्र थांबतं. या बुरशीत थोड्या इजेने केंद्रकं विभागत राहतात, टोक वाढत राहतं, पण तंतूचे कप्पे पाडणारा आडवा पडदा पडत नाही. एटीआरचा इथला भाऊबंद यूव्हीएसबी हा निरोप देतो, पेशीचक्र चालवणाऱ्या सीडीके कायनेज निमएक्सवर फॉस्फेट राहतं, पडदा अडतो. पडदे नसलेल्या नळीत जखमी केंद्रकाला शेजारी असतात, त्याला एकट्याला कोंडून टाकलं जात नाही. हा अर्थ आमचा, पण रचनेला तो शोभतो.

कृती: कव्हरस्लिपवर यीस्ट अर्क-ग्लुकोज माध्यम, २८ अंशाला १२ तास, त्यातले शेवटचे काही तास एमएमएसच्या तीन मात्रा. फॉर्मल्डिहाइड ३.७ टक्के, फॉस्फेट बफर, ट्रायटन ०.२ टक्के, २० मिनिटं. रंग: भित्तिकेला कॅल्कोफ्लोर, केंद्रकांना हेक्स्ट. कॅल्कोफ्लोर जास्त झालं तर सगळा तंतू पेटतो आणि पडदा ओळखू येत नाही, तेव्हा कमीपासून सुरुवात.

मोजायचे ते फक्त आठ किंवा जास्त केंद्रकांचे अंकुर. नेहमीच्या वाढीत पहिला पडदा तिसऱ्या विभाजनानंतरच येतो, चार केंद्रकांच्या अंकुरात तो नसणं म्हणजे काहीच नाही. एमएमएसने वाढ मंदावते, म्हणून सगळे अंकुर सरसकट मोजले तर मंद वाढ आणि अडवलेला पडदा यांची गल्लत होते. सगळ्यात कमी मात्रेला मूळ स्ट्रेनमध्ये आठहून जास्त केंद्रकांचे, पडदा नसलेले लांबच लांब अंकुर दिसले. यूव्हीएसबी उत्परिवर्तीत त्याच मात्रेला पडदे आहेत.

२ एप्रिल

अंकुरांची मोजणी दुसऱ्या व्यक्तीकडून, स्लाइडवरची नावं झाकून, पुन्हा सुरू. डबल स्ट्रेनचे सूक्ष्मकोनिडिया परवा फिल्टर होतील. लाल दिव्याची तयारी करून ठेवणे, इनक्युबेटरच्या काचेवर काळा कागद कायमचा चिकटवला आहे, तो कोणी काढू नये.